गवताखालची भोकं

कोहकाटोला, ता. धानोरा
१९ ऑगस्ट २०२४

प्रिय आत्या,
सप्रेम जय भीम.

फोनचा काही उपयोग नाही, हे आपल्या दोघींनाही कळलंय. इथे रेंज शाळेमागच्या टेकाडावर चढलं तरच मिळते, आणि मिळाली तरी तुला ऐकू येत नाही. मागच्या वेळी मी "मैदान" म्हणाले, तू "सामान" ऐकलंस आणि आठवडाभर पार्सलची वाट पाहिलीस. म्हणून हे पत्र. धानोऱ्याच्या एसटीतल्या कंडक्टरकडे देते, तो तिथल्या पोस्टात टाकतो.

मी इथे खेळशिक्षिका म्हणून आले त्याला आता दोन महिने होतील. मुलींची निवासी शाळा आहे, सगळ्या आजूबाजूच्या गोंड वस्त्यांमधल्या. आत्या, या पोरी काय पळतात! करिश्मा नावाची एक आहे, नववीतली. गोलमध्ये उभी राहिली की बॉल तिला शोधत येतो असं वाटतं. पण मैदान म्हणजे नुसता लाल मुरूम. कडेकडेने हरळी आहे, मध्ये विरळ, आणि दोन्ही गोलांपुढे तर टक्कल. करिश्माच्या दोन्ही कोपरांवर कातडी म्हणून राहिलेली नाही. जानेवारीत जिल्ह्याच्या स्पर्धा आहेत.

तू शाळेत शिकवत असताना जुन्या हरळीवरच नवं बी पेरून मैदान हिरवं केलं होतंस ना? ते कसं केलंस, नीट लिही. बी मिळालंय. नागपूरच्या एका फाउंडेशनचे विनोद सर इकडच्या शाळा बघायला आले होते. मैदान पाहून स्वतःच म्हणाले, बी देतो, रोलर देतो, माती तपासून देतो. आमच्या मुख्याध्यापक सरांनी लगेच हो म्हटलं.

एकच कटकट आहे. मैदान आखायला मी चुना लावलेल्या खुंट्या ठोकल्या होत्या, त्या कोणीतरी उपटून नेल्या. पुन्हा ठोकल्या, पुन्हा गेल्या. गावातले लोक कुंपणाशी उभे राहून बघतात. मी हसले तर हसत नाहीत. करिश्माची आई सुकरी तर अशी बघते, जसं काही मी तिच्या घरातून भांडं उचलून नेतेय. मला तिचाच संशय आहे.

तुझी,
संघा


चंद्रपूर, जटपुरा गेट
२६ ऑगस्ट

प्रिय संघप्रिया,
जय भीम.

पत्र भेटलं. मले ऐकू येत नाई असं तू तीनदा लिवलं असतं तरी चाललं असतं, एकदाच लिवलं म्हणून आभारी आहे.

मैदानाचं सांगतो. आत्ताच बी टाकशील तर पाणी सगळं वाहून नेईल. पोळा होऊ दे, पावसाचा जोर मोडू दे. जुनी हरयाली उपटायची नाई, ती ठेवायची. विळ्यानं जमिनीला टेकून कापून टाक. मग दाताळ्यानं खरवड, वाळलेलं गवत, मेलेल्या मुळ्या, सगळा कचरा काढ. जमीन दिसली पाहिजे, नाई तर बी वरच्या वर लटकते आणि चिमण्या खातात. मग लोखंडी काट्यानं बोटभर खोल भोकं पाड, साऱ्या मैदानभर, म्हणजे हवा जाते, पाणी मुरते. चाळलेलं शेणखत आणि बारीक माती पसर. बी खसखशीवानी बारीक असते, ते रेतीत मिसळून पेर, अर्धं उभं, अर्धं आडवं. हलका रोलर फिरव. आणि झारीनं पाणी, नळीनं नाई. मुंग्यायवर ध्यान ठेव. पोट्टीयले तिकडे फिरकू देऊ नको.

खुंट्यायचं तू म्हणते ते खरं असेल. जंगलातले लोक आहेत, नवीन माणसाले लवकर पुसत नाईत. त्या सुकरीवर डोळा ठेव.

आता दुसरं. हा विनोद कोण? नागपुरातून धानोऱ्याच्याही पलीकडे एक माणूस गवताचं बी घेऊन येते, कायले? त्याचं लग्न झालं का? वय किती? तू त्याच्याबद्दल चार ओळी लिवल्या आणि मुख्याध्यापकाबद्दल एक. मी खेळ शिकवत होती, पण वाचता मलेही येते.

नागभीडले तुझ्या बाबाले यातलं काई सांगितलं नाई. अजून.

तुझी आत्या,
सत्यशीला


कोहकाटोला
१० सप्टेंबर

प्रिय आत्या,

जय भीम. तू सांगितलंस तसं सगळं केलं. पोळ्यानंतर ऊन पडलं आणि कामाला लागलो. पोरींनी विळे आणले, एका ओळीत बसून सगळं मैदान भादरलं. दाताळ्यांनी कचरा ओढला तेव्हा एवढा ढीग झाला की त्यावर उड्या मारायची स्पर्धा लागली. मग भोकं पाडली. विनोद सरांनी दिलेला काटा मस्त आहे, पायाने दाबला की मातीची गुंडी बाहेर येते. ठिकठिकाणची माती मी स्वतः पिशव्यांत भरली, पिशव्यांवर जागा लिहिल्या. ती माती विनोद सर चंद्रपूरच्या माती तपासायच्या प्रयोगशाळेत देणार आहेत.

आणि इथेच सगळं बिनसलं.

भोकं पाडत असताना गावचे पाटील वारलूभाऊ आले. पांढऱ्या मिशा, खांद्यावर टॉवेल. मागे गावातली पाच-सात माणसं. कुंपणाच्या आत आले नाहीत. तिथूनच विचारलं, "म्याडम, हे भोकं कायले?"

मी म्हटलं, "गवतासाठी. मुळांना हवा लागते."

"आमच्या रानात एवढं गवत हाये, त्याले कोनी भोकं पाडत नाई."

"भाऊ, रानातल्या गवतावर कोणी रोज पळत नाही."

"आन् माती पिशवीत कायले?"

"तपासायला."

त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मग सगळे गावाकडे वळले. त्याच संध्याकाळी सुकरी आली आणि करिश्माला घरी घेऊन गेली. पेटी, सतरंजी, सगळं. दुसऱ्या दिवशी आणखी तीन पोरी गेल्या. करिश्मा माझ्याकडे वळूनसुद्धा पाहू शकली नाही, आईने दंडाला धरलं होतं. मला वाटतं पोरीचं लग्न उरकायचा विचार आहे, मैदानाचं निमित्त आहे फक्त. मला इतका राग आला की त्या दिवशी जेवले नाही.

विनोद सर म्हणाले, "ताई, मनावर घेऊ नका. या लोकांना चांगलं काही नकोच असतं." त्यांनीच मग पुढचं काम स्वतः करून दिलं. पिकअपवर एक मशीन आणलं, सोबत दोन माणसं. चारी कोपऱ्यांत आणि मध्ये भोकं घेतली, पाणी मुरायला. लोखंडी पाइप इतका खाली गेला की माणूस उभा पुरला असता. आतून मातीच्या लांबच लांब कांड्या निघाल्या, त्या लाकडी खोक्यांत ओळीने ठेवून घेऊन गेले. किती मनापासून काम करतात! आपल्याकडे एवढं कोण करतं?

(ताई म्हणतात मला. बघ, तुझा एक संशय तरी फिटला.)

संघा


चंद्रपूर
१७ सप्टेंबर

संघप्रिये,

जय भीम. तुझं पत्र मी दोनदा वाचलं, मग चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

माणूस उभा पुरेल एवढं भोक, गवतासाठी? मैदानावर पाणी साचत असेल तर कडेनं चर खणतात. मी बत्तीस वर्षं मैदानावर उभी राह्यली, पण गवतासाठी कोणी खोक्यात भरून मातीच्या कांड्या नेल्या असं पाह्यलं नाई. खोके कुठी गेले? इच्यार त्याले. तुझ्या पिशव्या कुठी गेल्या, तेही इच्यार. सोबतचे दोघं कोण होते? त्यांचे हात माळ्याचे होते की दुसरे?

तू मुख्याध्यापकाले काऊन इच्यारत नाई? की तोही त्यातलाच आहे? हो म्हणायले एवढी घाई कायले झाली त्याले?

आणि ताई म्हणते याचा अर्थ काई नसते. तुझे मामाही माझ्या मैत्रिणीले सहा महिने ताई म्हणत होते, आज ती तुझी मामी आहे.

तुले खरं लिवतो, त्या गावातल्या लोकायवरही माझा भरवसा नाई. पोट्टी घरी नेऊन बसवली हे चांगलं नाई केलं. पण तो पाटील भोकं कायले म्हणून इच्यारते, आणि मीही तेच इच्यारून राह्यली. मी इकडे चाळीस कोस दूर बसली आणि तो कुंपणाशी उभा, तरी दोघायच्या मनात एकच गोष्ट आली. याचा इचार कर.

बी पेरलं का? पेरलं असेल तर पाणी सोडू नको. बियाचा काई दोष नाई.

आत्या


कोहकाटोला
२५ सप्टेंबर

आत्या,

जय भीम.

तुला दूधवाल्याचा संशय, गॅसवाल्याचा संशय, समोरच्या घरात नवीन भाडेकरू आला तर त्याच्या कुत्र्याचा संशय. मी कॉलेजात असताना माझ्या प्रत्येक मैत्रिणीचा तुला संशय होता. एक माणूस आपणहून मदत करतो आणि तुला त्याच्या सोबत्यांचे हात बघायचे आहेत. विनोद सरांबद्दल यापुढे लिहू नकोस.

बी पेरून झालं. उभं, आडवं, रोलर, सगळं. पोरी झारीने पाणी घालतात. मुंग्यांची रांग सापडली, वारूळ लांब होतं, तिथपर्यंत राख टाकली.

मी करिश्माच्या घरी गेले होते. अंगणात मोहाचं झाड, खाली सुकरी सूप घेऊन बसलेली. बसायला घोंगडी टाकली, तांब्याभर पाणी दिलं, आणि पुढे काही नाही. मीच बोलत राहिले. करिश्मा किती चांगली खेळते, स्पर्धेला गेली तर पुढे खेळाच्या वसतिगृहात जाऊ शकेल, असं सगळं. ती पाखडत राहिली. मी शेवटी म्हटलं, "सुकरीबाई, तिचं लग्न ठरवलंत का?"

ती पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघून बोलली. "लगन? म्याडम, मी सोता पंधराव्या वर्सी आली या घरात. पोरगीचं असं करीन का?"

"मग नेलंत कशाला?"

तिने सूप खाली ठेवलं. म्हणाली, "मांगं एक मानूस आला होता. पाखरं मोजतो म्हने. आमी त्याले घरी जेवू घातलं, डोंगर दाखोला, झरा दाखोला. दुसऱ्या वर्सी त्या डोंगरावर पांढऱ्या खुट्या ठोकल्या. तिसऱ्या वर्सी साहेब आले, म्हनले इथी खान होनार, तुमी इच्यारलं काऊन नाई आधी? तवापासून आमी इच्यारतो." मग म्हणाली, "खुट्या मीच उपटल्या. आता तुमी सांगा, म्याडम, तुमी कोनाच्या?"

मी म्हटलं, मी शाळेची. ती म्हणाली, "शाळा कोनाची?" मी तांब्या खाली ठेवला, उठून आले.

खोक्यांचं मी विचारलं. तुझ्यामुळे नाही, सहज. विनोद सर हसले, म्हणाले, "गवतासाठीच, ताई. सायन्स आहे ते." ठीक आहे ना मग? विषय संपला.

ऑक्टोबरच्या सोळा तारखेला चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर येते आहे. तेव्हा भेटू. बाबांना सांगायचं तर सांग, मी घाबरत नाही.

संघप्रिया


चंद्रपूर
४ ऑक्टोबर

प्रिय संघा,

जय भीम. तू पूर्ण नाव लिवलं म्हणजे चिडली आहे, हे तू चार वर्षांची होती तवापासून मले माहीत आहे. चीड. पण हे वाच.

माझी नंदिनी आठवते का? कबड्डीत पाय धरायची ती. ती इथल्या माती तपासायच्या प्रयोगशाळेत आहे. मी ऑटो करून गेली. तिले माझ्यासंगं ओरडून बोलावं लागते म्हणून सारी प्रयोगशाळा ऐकून राह्यली होती. मी इच्यारलं, धानोऱ्याकडच्या शाळेची माती आली का? तिनं पाह्यलं, बाकीच्यायले इच्यारलं. आली नाई. ऑगस्टपासून तिकडची एक पिशवी आली नाई.

मग मी खोल भोकाचं आणि खोक्यायचं सांगितलं. नंदिनी हसली नाई. म्हणाली, "बाई, गवतासाठी माती वीतभर खोलीची घेतात. अशा कांड्या काढतात ते वर काही बांधायचं असलं तर. जमीन वजन पेलते का ते बघायला. नाही तर मग खाली काय आहे ते बघायला."

वर काय बांधणार आहेत, संघा? मैदानावर?

मी तुले काय कर ते सांगत नाई. माझ्या संशयाले तू हसली, मी हसू देतो. पण नंदिनीले मी शिकवली आहे, ती मैदानावर खोटी पडली नाई कधी.

सोळा तारखेले गेटापाशी उभी राहीन. पांढरी साडी, पण तिथी साऱ्याच पांढऱ्या साड्या असतात, म्हणून हातात निळी छत्री ठेवीन.

तुझी आत्या


कोहकाटोला
२१ ऑक्टोबर

प्रिय आत्या,

जय भीम. तू निळी छत्री घेऊन किती वेळ उभी राहिलीस, या विचाराने मला रोज त्रास होतो. निरोप द्यायला टेकाडावर जायलाही जमलं नाही. सगळं लिहिते.

तुझं पत्र मिळालं त्या दिवशी मैदान हिरवं दिसायला लागलं होतं. जवळ गेलं की नाही, लांबून. जमिनीवर नुसता हिरवा वाफारा. पोरी पालथ्या पडून कोंब बघत होत्या. मी तिथेच उभी राहून पत्र वाचलं आणि मला काहीच आनंद झाला नाही.

आठवड्याने विनोद सर आले. सोबत तेच दोघे, आणि आणखी एक कॅमेरावाला. पोरींना नवीन टी-शर्ट वाटले, हिरव्या कोंबांच्या कडेला उभं केलं. "हसा, हसा!" मग म्हणाले, गावातल्या चार बायकाही हव्यात फोटोत. मुख्याध्यापक सर बोलवायला माणूस पाठवत होते.

मी मध्ये गेले. विचारलं, "सर, माती प्रयोगशाळेत पोचलीच नाही. कुठे गेली?"

ते म्हणाले, "नागपूरला पाठवली, ताई. तिकडची चांगली आहे."

"आणि खोकी?"

"तीही."

"गवतासाठी माती वीतभर घेतात. तुम्ही एवढी खोल का घेतली? इथे काय बांधायचंय?"

कॅमेरावाला थांबला. पोरी बघत होत्या. विनोद सरांनी मला जरा बाजूला घेतलं, अगदी गोड आवाजात बोलले. "हे बघा, ताई, तुम्ही शिकलेल्या आहात, तुम्हाला समजेल. पलीकडच्या डोंगराचं काम आज ना उद्या होणारच. गाड्या उभ्या करायला, वजनकाटा बसवायला सपाट जागा लागते. ही जागा रस्त्याला लागून आहे. शाळेला दुसरीकडे नवीन इमारत मिळेल, यापेक्षा मोठी. तुमचं नाव मी स्वतः पुढे करीन."

"आणि हे गवत?"

"गवत काय..." ते हसले. "गाव आमच्यासोबत आहे हे दिसायला नको का? मुली, हिरवं मैदान, गावकरी. छान दिसतं."

आत्या, तू आडून आडून विचारत होतीस त्याचं उत्तर: हो, थोडंसं. त्यांनी गोड बोलावं असं वाटायचं मला. त्या क्षणी तोच गोड आवाज अंगावर पाल पडावी तसा वाटला. मी पोरींना म्हटलं, वर्गात चला, हे टी-शर्ट बदला. मुख्याध्यापक सर ओरडले, "संघप्रिया म्याडम, पाहुण्यांसमोर काय चाललंय?" मला कळेना त्यांना आधी माहीत होतं की नाही. अजूनही कळलेलं नाही. ते माझ्याकडे बघायचं टाळतात, एवढं खरं.

दुसऱ्या दिवशी मी एकटी गावात गेले. वारलूभाऊंना म्हटलं, मला सगळ्यांसमोर बोलायचंय. गोटुलाजवळ, गावाची बैठक बसते त्या मांडवाखाली, माणसं जमली. बायका एका बाजूला. मी सगळं सांगितलं. पिशव्या मी स्वतः भरल्या, हेही. कोणी ओरडलं नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं. वारलूभाऊंनी एवढंच विचारलं, "आज काऊन सांगता? भांडन झालं का त्याच्यासंगं?"

मी म्हटलं, "काल कळलं म्हणून."

एक म्हातारा गोंडीत काहीतरी म्हणाला, बायका हसल्या. मी सुकरीकडे पाहिलं. ती म्हणाली, "ते म्हनतेत, हेही त्यायनंच शिकवून पाठोलं असन." ती हसत नव्हती, आणि ते नाकारतही नव्हती.

सोळा तारखेला, तू गेटापाशी होतीस तेव्हा, सगळं गाव फावडी, पहारी घेऊन मैदानावर आलं. "भोकं दाखवा." वरून कोंब आले होते, भोकं दिसत नव्हती. मी जागा आठवून आठवून दाखवल्या. त्यांनी एकेक उकरलं. मधल्या भोकात झाकण लावलेला प्लास्टिकचा पाइप निघाला, पुन्हा येऊन आत तपासता यावं म्हणून ठेवलेला. मला तो माहीत नव्हता. शपथ घेऊन सांगते, माहीत नव्हता. सगळ्यांनी आधी पाइपाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

पाइप उपटला, भोकं गावच्या मातीने भरली. वारलूभाऊ म्हणत होते, सगळ्या मैदानावर नांगर घालू, त्या माणसाच्या हातचं गवतही नको. मला मध्ये बोलायचा हक्क नव्हता. करिश्मा आईच्या मागून म्हणाली, "मंग मी खेळू कुठी?" आणि लगेच जीभ चावली. बराच वेळ गोंडीत बोलणं चाललं. शेवटी नांगर आणला नाही.

ग्रामसभेने ठरवलंय की जागा गावाची आहे आणि गावाला विचारल्याशिवाय तिथे कोणी पाऊल ठेवायचं नाही. परवा पिकअप आली होती. बायका रस्त्यावर बसल्या. परत गेली.

करिश्मा आणि त्या तिघी अजून घरीच आहेत, बाकीच्या मैदानावर यायला घाबरतात. मी रोज एकटी पाणी घालते.

संघा


चंद्रपूर
२८ ऑक्टोबर

प्रिय संघा,

जय भीम. छत्रीचं जाऊ दे. शेवटी मी छत्री उघडून खाली बसली, तीन बायका माझ्यासंगं सावलीले आल्या, चांगल्या गप्पा झाल्या, अर्ध्या ऐकू आल्या.

पाइप निघाला हे वाचलं. तुले गावानं तिथीच धरलं असतं तर? आता तुझ्या मुख्याध्यापकापासून जपून राहा. तो वर कळवल्याशिवाय राहणार नाई. शाळेच्या अध्यक्षाले त्या फाउंडेशनवाल्यानं काय काय कबूल केलं आहे, कोणाले माहीत. तुले काढतील, असं मले वाटते. काढलं तर सरळ माझ्याकडे ये, दोन खोल्या आहेत.

तुझ्या बाबाले मी नागभीडले जाऊन सांगितलं. ओरडले. मग मले बाहेरपर्यंत सोडाले आले आणि म्हणाले, "पोरगी चुकली नाई ना?" मी म्हटलं, चुकली होती, मग थांबली.

सुकरी पोट्टीले पाठवते का?

आत्या


कोहकाटोला
२ डिसेंबर

प्रिय आत्या,

सप्रेम जय भीम.

धानाची कापणी चालू होती म्हणून गाव महिनाभर शेतात होतं, आणि मी मैदानावर. गवत धरलं. भरलेल्या भोकांच्या जागी मात्र काही उगवेना. मी बांधावरची हरळी मागायला वारलूभाऊंच्या शेतात गेले. ते म्हणाले, "तेच उपटून फेकून राह्यलो आमी, न्या किती पायजे ते." पण कोणीतरी माझ्यासोबत मैदानापर्यंत येऊन मी ती कुठे लावते ते बघून गेलं. नेहमीच असं होतं. मी झारी घेतली तरी कुंपणाशी कोणीतरी असतं.

करिश्मा परत आली. आणि सुकरीही. म्हणजे पोरीला सोडून ती जात नाही. रोज संध्याकाळी गोलच्या मागे येऊन बसते. मी खुर्ची आणली, ती जमिनीवर बसली. खेळाकडे बघत नाही, माझ्याकडे बघते. मी पोरींना काय सांगते, कोणाशी बोलते, खिशातून काय काढते. पहिले काही दिवस मला शिट्टी वाजवतानाही चोरटं वाटायचं. एकदा मी म्हटलंच, "सुकरीबाई, अजून संशय जात नाही का?" ती म्हणाली, "नाई." बस, एवढंच.

तू म्हणालीस तसंच झालं. मुख्याध्यापक सरांनी कळवलं. परवा शाळेचे अध्यक्ष साहेब गाडी घेऊन आले. मला ऑफिसात बोलावलं. शाळेची बदनामी, पाहुण्यांचा अपमान, गावाला भडकवलं. शेवटी म्हणाले, "उद्यापासून येऊ नका." मी म्हटलं, "सर, स्पर्धा होईपर्यंत तरी राहू द्या." ते म्हणाले, "गावालाच तुम्ही नको आहात. मुली घरी नेल्या होत्या ना लोकांनी? लोकांचा विश्वास नाही तुमच्यावर."

 खरंच होतं ते.

बाहेर आले तर पायऱ्यांवर वारलूभाऊ आणि गावातली माणसं. ही बातमी एवढ्या लवकर कशी पोचली कळलं नाही. शाळेच्या स्वयंपाकघरात सगळ्या गावातल्याच बायका आहेत. मला वाटलं, मला घालवायला आलेत. अध्यक्ष साहेबांनाही तेच वाटलं. ते खुशीत पुढे झाले. म्हणाले, "काळजी करू नका. या म्याडमना काढून टाकलंय. तुमचा यांच्यावर भरवसा नव्हता, आम्हाला माहीत आहे."

वारलूभाऊंनी सुकरीकडे पाहिलं. सुकरी पदर खोचून समोर आली.

"भरवसा नाई, खरं हाये," ती म्हणाली. "माती हिनंच भरून देल्ली. ध्यानात हाये आमच्या."

"तेच म्हणतोय मी."

"म्हनूनच म्याडम इथंच पायजे. उद्या तुमी नवी म्याडम आनसान, गोड बोलनारी. ते कोनाची, काय करते, आमाले का माहीत? हिचं आमाले ठाव हाये. हिच्यावर आमी रोज ध्यान ठेवतो. हे आमच्या डोऱ्यासमोरून हालली नाई पायजे."

अध्यक्ष साहेब हसायला गेले, पण कोणीच हसत नव्हतं. वारलूभाऊ म्हणाले, "म्याडम गेली तं पोरी पन घरी जातीन. साऱ्या. आजच." मागच्या बायका एव्हाना व्हरांड्यात चढून पोरींच्या पेट्या बाहेर काढायला लागल्या होत्या. एक पेटी खाली आपटली, तिचं झाकण उघडलं, करिश्माचे मोजे पायऱ्यांवर पडले.

साहेब परत ऑफिसात गेले. मुख्याध्यापक सर त्यांच्या मागे. दार बराच वेळ बंद होतं. मग शिपाई बाहेर आला आणि मला म्हणाला, "साहेब म्हनतेत, शाळा सुटेपर्यंत थांबा. म्हनजे एप्रिलपर्यंत."

मी उभीच होते. आत्या, खरं सांगते, मला सुकरीच्या गळ्यात पडावंसं वाटलं. मी पुढे गेले तशी ती एक पाऊल मागे सरली आणि म्हणाली, "पाच वाजले, म्याडम. पोरी वाट पाहून राह्यल्या." आणि माझ्या आधी चालत जाऊन गोलच्या मागे तिच्या जागेवर बसली.

स्पर्धेला ये. राहायला जागा आहे. मात्र गेटात शिरल्यावर तुला गावातलं कोणीतरी विचारील, तू कोण, कशाला आलीस, पिशवीत काय आहे. रागावू नकोस. नीट, मोठ्या आवाजात सगळं सांग.

तुझी,
संघा